एकाखाली एक तीन ठिपके

१

कल्पना कर, की शाळेजवळच्या विहिरीचं पाणी गोड आहे की मचूळ हे तुला ठरवायचं आहे. एक जण म्हणतो, गोड. दुसरा म्हणतो, बरं आहे. तिसरा घाईत होता, त्यानं एकच घोट घेतला आणि पळाला. तू काय करशील? सगळ्यांचं ऐकशील, पण घाईतल्या माणसाचं जरा कमी ऐकशील. आणि विचारायला निघण्याआधीही तुझ्या मनात काहीतरी अंदाज असणारच. प्रत्येक उत्तरासरशी तो अंदाज थोडा इकडे किंवा थोडा तिकडे सरकेल. बेझ नावाच्या एका माणसानं या सरकण्याचं गणित मांडलं, त्याला खूप वर्षं झाली.

आता कल्पना कर, की हेच काम एक सॉफ्टवेअर करतं आहे. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका लहानशा पशुधन अभ्यास केंद्रात. म्हशीची कास सुजून दगडासारखी कडक होते, त्या आजाराला गवळी ‘दगडी’ म्हणतात. त्यावर एक लेप आहे. तो चालतो की नाही? कागलला एकानं तपासलं, गडहिंग्लजला दुसऱ्यानं, जयसिंगपूरला तिसऱ्यानं. सॉफ्टवेअर सगळे अभ्यास एकत्र करतं आणि पडद्यावर चित्र काढतं. मधोमध उभी रेघ. रेघेच्या उजवीकडे ‘लेप चालतो’, डावीकडे ‘चालत नाही’. प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका, आणि ठिपक्याला दोन बाजूंनी आडव्या मिशा. मिशा जितक्या लांब तितकी खात्री कमी. सगळ्यात खाली शंकरपाळीच्या आकाराची एक खूण. ती म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर.

शनिवारी दुपारी ती शंकरपाळी उभ्या रेघेवर दोन्हीकडे ऐसपैस पसरली होती. म्हणजे, अजून सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी केंद्राचे प्रमुख गणपतराव आले. त्यांनी संगणकाचा पडदा उजळला आणि उभे होते ते खुर्चीत बसले. शंकरपाळी रेघ सोडून उजवीकडे जाऊन बसली होती. आता ती लहान आणि टोकदार झाली होती. लेप चालतो, अगदी खात्रीनं.

मंगळवारी सकाळी गावोगावच्या दूध संस्थांची माणसं हेच उत्तर ऐकायला येणार होती. ती घरी जाऊन म्हशींना लेप लावणार होती आणि डॉक्टरला बोलवायचं राहून जाणार होतं.

चित्राखाली एक ओळ होती. शेवटचा बदल: संघर्ष.

२

संघर्ष म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवणारा तरुण. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्याची धाकटी बहीण साक्षी, सातवी पास होऊन मे महिन्याच्या सुट्टीत होती. त्या दिवशी ती दादाचा विसरलेला डबा घेऊन केंद्रात आली आणि दारातच थबकली.

आतून गणपतरावांचा आवाज येत होता. “उद्या सभेच्या आत खरं काय ते कळलं पाहिजे. न्हाय कळलं, तर तुझा राजीनामा माझ्या टेबलावर. आणि पुढं दुसऱ्या नोकरीवाल्यानं विचारलं, तर मी कारण लपवणार न्हाय.”

“साहेब, मी हात लावलेला न्हाय.”

“मग तुझं नाव काय भुतानं लिहिलं?”

त्याच वेळी साक्षीच्या मागून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आत शिरल्या. गणपतराव एवढे मोठे साहेब, पण ताडकन उभे राहिले. या आक्काताई. कॉलेजात त्यांनी चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं, गणपतरावांनाही. गणपतरावांनीच सकाळी फोन करून त्यांना बोलावलं होतं.

“बस रे गणपत,” आक्काताई म्हणाल्या आणि साक्षीकडे वळल्या. “तू कोण?”

“मी ह्याची बहीण. माझ्या दादानं केलेलं न्हाय.”

“किती खात्री आहे?”

“पूर्ण. शंभर टक्के.”

“मग तू घरी जा, बाळ.”

“का?”

“शंभर टक्के खात्री असलेल्या माणसाला तपास करता येत नाही. पुढं काहीही दिसलं तरी त्याचं मत जागचं हलत नाही. मग बघायचं कशाला?”

साक्षी डबा छातीशी धरून उभी राहिली. तिनं खूप विचार केला. मग म्हणाली, “शंभरातले पंच्याण्णव. पाच तुमच्यासाठी सोडले, आजी.”

“पाच पुरेत,” आक्काताई म्हणाल्या. “ये, माझ्याजवळ बस. जे दिसेल ते मला सांगायचं. तुला आवडलं नाही तरी सांगायचं.”

३

सगळ्यात आधी मोना आली. केंद्राचं कुलूप सकाळी ती काढायची आणि दिवसभर बाहेरच्या टेबलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची.

“मी कशाला कुणाच्या वाईटावर असू?” ती म्हणाली. “पण आकडे संघर्षनंच फिरवलेत. सगळ्यांना माहीत हाय की.”

“सगळे म्हणजे कोण?”

“सगळे म्हणजे... सगळेच की.”

मग आला ऋतुराज. गावोगावचे अभ्यास गोळा करून आणणं हे त्याचं काम. कॉलेजची मुलं त्याच्या हाताखाली गोठ्यागोठ्यांतून फिरून माहिती आणायची. त्यानं बसण्याआधी खुर्ची पुसली.

“मला वाईट वाटतंय, बाई. हुशार पोरगा. पण पडद्यावर नाव त्याचंच हाय. मी शनिवारी दुपारी घरी गेलो तो आज आलो. साहेबांनी हाक मारून चित्र दाखवलं तेव्हा हादरलोच. त्याआधी मला काय पत्ता?”

“त्यानं का केलं असेल?”

“नोकरी कायम व्हायची हाय त्याची. ‘सांगता येत नाही’ असं सांगणाऱ्याला कोण ठेवून घेतं? आणि मी एकटाच म्हणत न्हाय. गंगावेशला पिराजी गवळ्याला विचारा. दूध कट्ट्यावरसुद्धा हेच चाललंय.”

गणपतरावांनी लगेच पिराजीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून म्हशीचं हंबरणं आणि पिराजीचा दणदणीत आवाज एकदमच आले.

“व्हय साहेब, त्यो संघर्ष का कोण पोरगा हाय न्हवं, त्यो आकडं फिरवतोय म्हनं. मी न्हाय असल्या भानगडीत पडत. म्हशी पान्यावर सोडायच्यात, ठिवू का?”

गणपतरावांनी हात पसरले. “तीन माणसं, बाई. तिन्ही वेगळी. तिघं एकच सांगतात. आणखी काय पाहिजे?”

आक्काताईंनी चष्मा पुसला. त्यांनी संघर्षला बोलावलं.

“तुझ्या संगणकावर दुसरं कुणी बसतं का रे?”

“सगळेच बसतात. सॉफ्टवेअर तेवढ्या एकाच संगणकात आहे. सकाळी मी माझ्या नावानं उघडतो, ते उघडंच राहतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.”

“आणि केंद्राची चावी?”

“तुळशीच्या कुंडीखाली. सगळ्यांना माहीत आहे.”

“शनिवारी इथून निघून कुठं गेलास?”

संघर्षनं एकदा गणपतरावांकडे पाहिलं, एकदा साक्षीकडे.

“घरी,” तो म्हणाला.

शनिवारी दादा घरी आला नव्हता. अंधार पडून गेला, आईनं भाकरी झाकून ठेवली, तेव्हा कुठं आला. तिनं मान वर केली. दादा तिच्याकडेच बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी. सांगू नकोस.

४

साक्षी व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आक्काताई मागून आल्या आणि काही न विचारता शेजारी उभ्या राहिल्या. साक्षी म्हणाली, “आजी, दादा खोटं बोलला. तो घरी नव्हता.”

“ते पाच आता किती झाले?”

“चाळीस,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

आक्काताईंनी तिला रडू दिलं. मग संघर्षलाच बाहेर बोलावलं. बहीण रडताना दिसली आणि त्याचे कान लाल झाले.

“जयसिंगपूरला गेलतो,” तो पुटपुटला.

“कशाला?”

“एक मुलगी बघायला.”

“दादा!” साक्षीचं रडू जागच्या जागी थांबलं. “आईला माहीत हाय?”

“साक्षे, गप बस. बघायला म्हणजे... बघितलेलीच हाय. परत बघायला गेलतो.”

आक्काताई हसल्या नाहीत, पण त्यांचा चष्मा हलला. “साक्षी, कुठलीही खूण सापडली की दोन प्रश्न विचारायचे. दोषी असता तर असा वागला असता का? आणि निर्दोष असता, तरी असाच वागला असता का? तुझ्या दादानं आकडे बदलले असते तर तो खोटं बोलला असता?”

“हो.”

“आणि बदलले नसते, नुसती मुलगी बघून आला असता, तर साहेबांसमोर आणि तुझ्यासमोर खरं बोलला असता?”

“ह्यो? छे!”

“मग या खोट्यानं आपण किती सरकलो?”

साक्षीनं डोळे पुसले. “फारसे न्हाय.” मग ती एकदम म्हणाली, “आणि पडद्यावरच्या नावाचंही तसंच की! दादानं बदल केला तरी त्याचंच नाव येणार आणि दुसऱ्या कुणी केला तरी त्याचंच येणार.”

“चल आत,” आक्काताई म्हणाल्या. “आता चित्र बघू.”

सोमवारच्या चित्रात तीन ठिपके नवे होते. गंगावेश कट्टा. नदीकाठचे गोठे. पाडव्याची मिरवणूक. संघर्ष म्हणाला, या तीन अभ्यासांचे कागद कॉलेजच्या मुलांनी आणून कपाटात ठेवले होते, त्यानं अजून वाचलेलेही नव्हते.

साक्षी पडद्याकडे बघत राहिली. कागलचा ठिपका डावीकडे होता. गडहिंग्लजचा बराच उजवीकडे. जयसिंगपूरचा मधे, लांबलचक मिशांचा. पण ते नवे तीन ठिपके एकाखाली एक, अगदी एका ओळीत उभे होते. मिशासुद्धा सारख्याच.

“आजी, हे तिघं प्रार्थनेच्या रांगेत उभे केल्यासारखे का दिसतात?”

“तुला काय वाटतं?”

“गावं अशी नसतात. बाकीची बघा की कशी पांगलीत.”

आक्काताईंनी पिशवी उचलली. “संध्याकाळी दूध पितेस का गं?”

५

तू कोल्हापूरचा नसशील, तर सांगतो. गंगावेशला संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेला येतात. तिथंच धार काढतात आणि माणसं कट्ट्यावर उभी राहून ते कोमट, फेसाळ दूध तिथंच पितात. आक्काताई आणि साक्षी पोचल्या तेव्हा पिराजी एका काळ्याभोर म्हशीखाली बसला होता.

“या पावणं!” तो धार न थांबवता ओरडला. “मोठा गलास का बारका?”

“दोन मोठे,” आक्काताई म्हणाल्या. “पिराजी, या म्हशी सकाळी कुठं असतात?”

“नदीकाठच्या गोठ्यात. आमच्या समद्यांचं गोठं तिकडंच हाईत.”

“आणि दिवाळी पाडव्याला?”

पिराजीचा चेहरा उजळला. “पाडव्याला? अवो, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. पुढं मोटारसायकल आणि मागनं म्हस पळती. ही चंद्रा गेल्या पाडव्याला काय पळली म्हणून सांगू!”

साक्षीनं ग्लास तोंडाला लावला होता, तो खाली केला. “काका, लेपाचं विचारायला कॉलेजची पोरं आली होती का?”

“आलती की. एकदा हितं कट्ट्यावर, एकदा गोठ्यात, एकदा मिरवणुकीत. दर खेपंला येगळी पोरं. ‘लेप लावला का, कास बरी झाली का?’ तिन्ही टायमाला मी एकच सांगितलं. शेवटी म्हनलं, बाबांनो, म्हशी त्याच, गवळी त्येच, काय तीन-तीनदा मोजता? चंद्राला काय तीन घरं हाईत व्हय?”

कट्ट्यावरचे दोघंतिघं हसले. साक्षी हसली नाही. एक कळप होता. सकाळी गोठ्यात, संध्याकाळी कट्ट्यावर, पाडव्याला मिरवणुकीत. कोल्हापुरातल्या म्हशी तीन ठिकाणी भेटतात, म्हणून त्यांचे तीन अभ्यास झाले. आणि सॉफ्टवेअरला वाटलं, तीन वेगवेगळे कळप एकच गोष्ट सांगताहेत. म्हणजे खात्रीच!

“पिराजी,” आक्काताईंनी विचारलं, “संघर्षनं आकडे फिरवले असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते कुणी सांगितलं?”

“ऋतुराज सायेब म्हनले की. काल सांजच्याला, हितंच, दूध पिताना. म्हनले, कुणी विचारलं तर सांगा.”

साक्षीनं आक्काताईंकडे पाहिलं. आक्काताई दूध पीत होत्या, पण त्यांचे डोळे साक्षीवर होते.

इथं तू जरा थांब. आतापर्यंत ऐकलेलं सगळं तुझ्यापाशी आहे. साक्षीला जे दिसलं ते तुलाही दिसतंय का बघ. घाई नाही. मग पुढं वाच.

६

मंगळवारी सकाळी, सभेच्या आधी, सगळे गणपतरावांच्या खोलीत जमले. बाहेर दूध संस्थांची माणसं चहा घेत होती. आक्काताईंनी आधी म्हशींचं सांगितलं. गणपतरावांनी कपाळाला हात लावला.

“पण ते तीनदा घातले कुणी?” ते म्हणाले. “तीन साक्षीदार अजून संघर्षचंच नाव घेतात.”

“ते आमची साक्षी सांगेल,” आक्काताई म्हणाल्या.

साक्षी उठून पुढं आली. तिनं मोनाकडे वळून विचारलं, “मोनाताई, दादानं आकडे फिरवले हे तुला कुणी सांगितलं?”

“ऋतुराज सरांनी.”

“कधी?”

“काल सकाळी. मी कुलूप काढत होते तेव्हा. गेटवर.”

“पिराजीकाकांनाही ऋतुराज सरांनीच सांगितलं,” साक्षी म्हणाली. “म्हणजे साहेब, साक्षीदार तीन नाहीत. एकच आहे. कट्ट्यावर भेटला, गेटवर भेटला आणि या खोलीत भेटला. त्या म्हशींसारखा.”

गणपतरावांनी ऋतुराजकडे पाहिलं.

“आणि पिराजीकाकांना सांगितलं रविवारी संध्याकाळी. मोनाताईला सोमवारी, कुलूप निघायच्या आत. चित्र बदललंय हे साहेबांनी पाहिलं ते त्याच्यानंतर. ऋतुराज सर म्हणाले, साहेबांनी दाखवेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. मग रविवारी त्यांना कसं कळलं?”

आक्काताई हळूच म्हणाल्या, “दोन प्रश्न विचार.”

“त्यांनी स्वतः बदल केला असता, तर रविवारी माहीत असतं? हो. केला नसता, तर माहीत असतं?” साक्षीनं ऋतुराजकडे पाहिलं. “न्हाय.”

ऋतुराज टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “माझ्या वडिलांचा लेप हाय तो. आमच्या गोठ्यात मी जन्मल्यापास्नं बघतोय. तो चालतो. मला कुठल्या शंकरपाळीनं शिकवायची गरज न्हाय. आज सभेत ‘सांगता येत नाही’ म्हटलं असतं, तर कुणी परत विचारलं नसतं त्याला.”

“चालतही असेल, ऋतुराज,” आक्काताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नाही. तू पाचाचीसुद्धा जागा सोडली नाहीस. आणि तेवढ्यासाठी या पोराची नोकरी घालवायला निघालास.”

ऋतुराज उठला. तो खाली बघत बाहेर गेला.

संघर्षनं तीनपैकी दोन अभ्यास काढले आणि एकच ठेवला. शंकरपाळी हळूहळू रुंद होत डावीकडे सरकली आणि उभ्या रेघेवर येऊन पुन्हा ऐसपैस बसली. गणपतराव सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “लेप चालतो का, ते आम्हाला अजून सांगता येत नाही. कास सुजली तर आधी डॉक्टरला बोलवा.” काही जण कुरकुरले. मग गणपतराव संघर्षकडे वळले आणि भर सभेत म्हणाले, “मी या पोरावर चुकीचा संशय घेतला. त्याचा राजीनामा मागितला, तो शब्द मी मागं घेतो.”

संध्याकाळी दादानं साक्षीला गंगावेशला दूध प्यायला नेलं. पिराजीनं मोठा ग्लास भरून दिला, वर फेसाचा डोंगर. तेवढ्यात कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन अनोळखी माणसं बोलताना साक्षीला ऐकू आली.

“त्या राजारामपुरीच्या केंद्रात एक पोरगं हाय म्हनं, संघर्ष का काय. आकडं फिरवतंय.”

“व्हय की. मी चौघांच्या तोंडनं ऐकलंय.”

दादानं ऐकलं होतं. त्यानं ग्लास खाली ठेवला. “चल साक्षे,” तो हळू आवाजात म्हणाला. “जाऊ दे.”

साक्षीनं ओठावरची फेसाची मिशी पुसली, ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि सरळ त्या माणसांपुढं जाऊन उभी राहिली.

“काका,” तिनं विचारलं, “त्या चौघांना हे कुणी सांगितलं?”